खोलीसकट गाणं

रेकॉर्डवरचं गाणं संगणकात उतरवायचं तर घाई चालत नाही. बावीस मिनिटांची बाजू उतरवायला बावीस मिनिटंच लागतात. त्याआधी ती धुवायची, वाळवायची, सुई तपासायची. उतरवून झाली की पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. उमेदीची वर्षं स्टुडिओत टेपच्या कामात घालवल्यावर मी याकडे वळले आणि आता हाच माझा व्यवसाय आहे. माझ्याकडे येणाऱ्या पेट्यांत नाट्यसंगीत, भावगीतं, जुन्या हिंदी चित्रपटांची गाणी जास्त असतात आणि तेही काम मी जीव लावूनच करते. पण मधूनच वांद्र्याहून, पुण्याच्या कॅम्पातून किंवा मडगावहून एखादी पेटी येते आणि तिच्यात लेड झेपलिन, बॉब डिलन, जोनी मिचेल, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन, निक ड्रेक ही नावं दिसतात. शाळेत होते तेव्हापासून ही माझी माणसं. त्या दिवशी जेवणाची वेळ टळते.

पेटी घेऊन येणाऱ्याचं मागणं बहुधा एकच असतं. "ताई, एकदम स्वच्छ करून द्या. खरखर अजिबात नको." खरखर काढण्यासाठीच तर मी बसले आहे. पण स्वच्छ म्हणजे किती, याबद्दल माझं एक ठाम मत आहे आणि ते मला याच रॉक आणि लोकसंगीताच्या रेकॉर्डींनी दिलं.

आधी मळाचं सांगते. कोकणपट्टीच्या दमट हवेत रेकॉर्डीवर बुरशी धरते. वरवर पाहता काळ्या चकतीवर पांढुरकी नक्षी दिसते, पण ती खाचेच्या तळापर्यंत गेलेली असते आणि सुई तिच्यावरून गेली की तळणात पाणी पडल्यासारखा आवाज येतो. कव्हराचा पुठ्ठा कसर खाते. पुण्याकडच्या रेकॉर्डींना बुरशी कमी, पण कोरड्या हवेत त्यांच्यात वीज साठते आणि धूळ अशी चिकटते की ब्रशलाही दाद देत नाही. माळ्यावर पत्र्याखाली ठेवलेल्या रेकॉर्डी एका उन्हाळ्यात वाकतात, त्यांना माझ्याकडे इलाज नाही. धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. (मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डींना अल्कोहोल लावू नका. लाख त्यात विरघळते.) अर्ध्याअधिक तक्रारी या धुण्यातच संपतात. लोकांना वाटतं रेकॉर्ड झिजली. ती नुसती मळलेली असते.

गोव्याच्या पेट्यांची मला विशेष ओढ. तिथले तारवटी जहाजांवर नोकरी करत, बंदराबंदरांतून एल.पी. घेऊन घरी येत. त्यामुळे भारतात कधी छापल्याच गेल्या नसाव्यात असं वाटणाऱ्या रेकॉर्डी एखाद्या चिरेबंदी घराच्या कपाटातून निघतात. आमच्याकडचं गाणंही जहाजातूनच आलं. माझा दादा बोटीवर रेडिओ ऑफिसर होता. त्यानं लंडनहून आणलेला लेड झेपलिनचा चौथा अल्बम आमच्या ठाकूरद्वारच्या दोन खोल्यांत आला तेव्हा मी आठवीत होते. १९७१ साली निघालेला हा अल्बम. कव्हरवर बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही; पाठीवर लाकडाची मोळी घेतलेल्या म्हाताऱ्याचं चित्र तेवढं आहे. शब्द मला फारसे कळत नव्हते. पण दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', सुरू झालं की ड्रमचा आवाज आमच्या खोलीपेक्षा मोठ्या कुठल्यातरी जागेतून येतोय, हे मात्र कळायचं. ती जागा कसली असेल हा प्रश्न माझ्या मनात तेव्हा जो शिरला तो पुढे मला स्टुडिओपर्यंत घेऊन गेला.

ती जागा म्हणजे एक जिना. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात हेडली ग्रेंज नावाचं जुनं घर आहे, अठराव्या शतकाच्या शेवटी निराधारांना ठेवण्यासाठी बांधलेलं. बँडनं तिथं मुक्काम केला आणि रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे ट्रकमध्ये बसवलेलं सगळं ध्वनिमुद्रण यंत्र, अंगणात उभा केला. अँडी जॉन्स या इंजिनिअरनं जॉन बॉनमचा ड्रमसेट खाली जिन्याच्या पायथ्याशी मांडला आणि दोन मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून जिन्याच्या पोकळीत टांगले. ड्रमजवळ मायक्रोफोन नाहीच. आपल्याला ऐकू येतो तो आवाज आधी तीन मजली जिन्यातून वर चढलेला आहे. गाणं मूळचं कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी यांचं, १९२९ सालचं. १९२७च्या मिसिसिपीच्या महापुराच्या आठवणीतलं. दोन माणसं आणि त्यांच्या गिटारी एवढ्यावर झालेलं ते गाणं बेचाळीस वर्षांनी एका थंड, ओलसर इंग्रजी घराच्या जिन्यात घुमलं. पुराचं भय त्या घुमण्यात आहे. जिना काढून घेतला तर उरेल तो उत्तम वाजवलेला ठेका.

याच अल्बमनं मला दुसरीही एक गोष्ट शिकवली, ती निव्वळ कारागिरीची. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुईखालून जितकी खाच जाते त्याच्या निम्म्याहून कमी आतल्या टोकाला जाते. म्हणजे मध्याकडे सरकावं तसा आवाजाला जागा कमी पडते, वरच्या पट्टीतले सूर फाटू लागतात. शहाणे लोक म्हणून बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवत. या मंडळींनी पहिल्या बाजूच्या शेवटी 'स्टेअरवे टू हेवन' ठेवलं, ज्याचा सगळ्यात मोठा आवाज अखेरीकडे येतो, आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी तो जिना. शिवाय प्रत्येक मालकानं 'स्टेअरवे'च जास्त वाजवलेलं असतं. माझ्याकडे आलेल्या या अल्बमच्या प्रती मी आधी त्या जागीच भिंगाखाली बघते. तिथं खाच धड असेल तर बाकी सगळं सुटतं. बारीक टोकाची सुई लावली की ती जुन्या जाड सुईनं न घासलेल्या भागावर टेकते आणि गेलेलं गाणं कित्येकदा परत मिळतं. अशा वेळी मला जो आनंद होतो तो मी शब्दांत सांगू शकणार नाही.

आता खरखरीचं. बुरशी आणि धूळ गेल्यावरही टकटक उरते. ती शोधून काढणारी सॉफ्टवेअरं आहेत, चांगली आहेत, मीही वापरते. ती शोधतात क्षणभराची टोकदार उसळी. पण गिटारीच्या तारेवर नख आपटतं तेव्हा तीही क्षणभराची टोकदार उसळीच असते. निक ड्रेकच्या 'पिंक मून'वर सॉफ्टवेअर जोरात चालवलं तर टकटक जाते आणि नखंही जातात. तार कोणी छेडलीच नाही, ती आपोआप वाजू लागली असं वाटतं. हा अल्बम दोनच रात्रींत झाला, ऑक्टोबर १९७१मध्ये. खोलीत ड्रेक आणि काचेपलीकडे जॉन वूड हा इंजिनिअर, तिसरं कोणी नाही. आवाज आणि गिटार, एका गाण्यात थोडासा पियानो, बस्स. दोन्ही बाजू मिळून अठ्ठावीस मिनिटं. अशा रेकॉर्डीवरची टकटक मी हातानं काढते, पडद्यावर एकेक उसळी मोठी करून बघत. संध्याकाळ जाते. जाऊ दे.

ड्रेकचा जन्म १९४८ साली रंगूनचा, मृत्यू १९७४ साली, सव्विसाव्या वर्षी. हयातीत त्याचे तिन्ही अल्बम जेमतेम खपले. मला स्वतःला पहिला, १९६९चा 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट', सगळ्यांत प्रिय आहे आणि त्यातही 'रिव्हर मॅन'. पाच मात्रांचं आवर्तन, गिटार ते न चुकता धरून ठेवते आणि हॅरी रॉबिन्सननं बांधलेली व्हायोलिनं तिच्याभोवती धुक्यासारखी चढतात. ड्रेकनं त्या वादकांबरोबर बसूनच वाजवलं, नंतर जोडकाम नाही. हे ऐकताना कळतं: गिटारीच्या मायक्रोफोनमध्ये थोडी व्हायोलिनं आहेत आणि व्हायोलिनांच्या मायक्रोफोनमध्ये थोडी गिटार.

ती खोली म्हणजे लंडनच्या चेल्सी भागातला साऊंड टेक्निक्स हा स्टुडिओ. पूर्वी तिथं दूधडेअरी होती. इमारतीच्या दर्शनी भागावर गाईचं मुंडकं आहे. जॉन वूड आणि जेफ फ्रॉस्ट यांनी साठच्या दशकाच्या मध्यावर तो उभारला आणि मिक्सिंगचं टेबलही स्वतःच बनवलं. छत मध्ये उंच आणि दोन टोकांना ठेंगणं, त्यामुळे वादक कुठं बसवायचा यावर त्याचा आवाज ठरायचा. इंग्लिश लोकसंगीताला विजेची गिटार आणि ड्रम जोडणारं जे काम त्या काळात झालं, त्यातलं निर्माता जो बॉइडच्या हातचं बरंचसं याच डेअरीत झालं. माझ्या मते साठ-सत्तरच्या दशकांतल्या अल्बमांचा खरा वारसा सांगायचा तर गायकांच्या नावांइतकंच या छताचंही नाव घ्यायला हवं.

फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचा 'लीज अँड लीफ' इथलाच. त्याची कथा दुःखाची आहे. मे १९६९मध्ये बर्मिंगहॅमहून कार्यक्रम करून परतताना त्यांच्या गाडीला मोटारमार्गावर अपघात झाला. एकोणीस वर्षांचा ड्रमर मार्टिन लॅम्बल आणि गिटारवादक रिचर्ड थॉम्पसनची मैत्रीण गेली. बँड मोडल्यातच जमा होता. मग उरलेल्यांनी विंचेस्टरजवळच्या खेड्यात उन्हाळ्यासाठी एक घर घेतलं, नवा ड्रमर डेव्ह मॅटॅक्स आणि व्हायोलिनवाला डेव्ह स्वॉर्ब्रिक यांना घेतलं, आणि अमेरिकी वळणाची गाणी बाजूला ठेवून आपल्या मातीतली जुनी कथागीतं धरली. बासवादक अ‍ॅशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाऊसमधल्या संग्रहात बसून पाठ शोधत असे. वर्षअखेरीला अल्बम निघालादेखील. त्यातलं 'मॅटी ग्रोव्हज' हे कथागीत आठ मिनिटांचं आहे: उमरावाची बायको एका गरीब पोराला घरी नेते, उमराव परततो, पोराला मारतो, बायकोलाही मारतो. सँडी डेनी ते गाते आणि कुठंही कुणाची बाजू घेत नाही. आपल्या पोवाड्यात शाहीर मध्येच थांबून श्रोत्यांशी बोलतो, धन्य म्हणतो, धिक्कार करतो. इथं गाणारी फक्त काय झालं ते सांगत पुढे जाते आणि कथा संपली की वाद्यं उरलेली मिनिटं धावत सुटतात. राग, शोक, काय असेल ते सगळं त्या धावण्यात. घरातली दोन माणसं नुकतीच गेलेली असताना हे वाजवलं गेलं, ही गोष्ट मला ऐकताना कधीच विसरता आलेली नाही.

तर जागांचा हा आवाज कुठं असतो? गाण्याच्या शेवटी सूर विरतात तिथं, दोन ओळींमधल्या श्वासात, वाद्य सुरू होण्याआधीच्या अर्ध्या सेकंदात. आणि तिथंच टेपची सूं-सूंही असते. दोन्ही एकमेकांत मिसळलेली, दोन्ही अगदी हळू. सूं-सूं काढणारं यंत्र हळू आवाजांनाच कचरा समजतं. ते पुरतं चालवलं की सूं-सूं जाते आणि तिच्याबरोबर डेअरीचं छत जातं, जिन्याचा वरचा मजला जातो. गाणारा कुठंच नसलेल्या ठिकाणी उभा राहून गातोय असं वाटू लागतं. म्हणून टकटक, बुरशी, माझ्या टर्नटेबलची घरघर हे सगळं मी काढते, कारण ते नंतर आलेलं आहे. जे त्या दिवशी त्या खोलीत होतं त्याला मी हात लावत नाही. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगते, दोन्ही तुकडे ऐकवते. काहींना तरीही धुतलेलंच हवं असतं. त्यांचं गाणं आहे, मी देते, पण न धुतलेली फाइल सोबत ठेवतेच.

रोलिंग स्टोन्सचा 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' बराचसा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बंगल्याच्या तळघरात वाजवला गेला, १९७१च्या उन्हाळ्यात. दमट हवेनं गिटारी सारख्या उतरत. तिथला कोंदटपणा त्या रेकॉर्डीवर आहे आणि तो हवाच. ब्रूस स्प्रिंगस्टीननं तर जानेवारी १९८२मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात साध्या कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या यंत्रावर नव्या गाण्यांचा कच्चा आराखडा केला. मग पूर्ण बँड घेऊन स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली. ती जमेनात. शेवटी कॅसेटच अल्बम म्हणून निघाली, 'नेब्रास्का'. इतक्या क्षीण कॅसेटवरून रेकॉर्ड कापणं कापणाऱ्यांना फार जड गेलं. ही रेकॉर्ड आली की मदतनीस मुलं म्हणतात, आवाज बारीक आहे, काहीतरी बिघडलंय. काही बिघडलेलं नाही. पातळी वाढवा, बाकी तसंच राहू द्या.

आणि मग आपली मुंबई. जानेवारी १९६८मध्ये जॉर्ज हॅरिसन फोर्टात आला आणि सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत त्यानं 'वंडरवॉल म्युझिक'चा मोठा भाग मुद्रित केला. बीटल्सपैकी कुणाचाही हा पहिला स्वतंत्र अल्बम, आणि त्यांच्या अ‍ॅपल कंपनीचा पहिला एल.पी. सरोदवर आशिष खान, संतूरवर शिवकुमार शर्मा, तबला-पखवाजावर महापुरुष मिश्रा, बासरीवर एस. आर. केंकरे. लंडनच्या स्टुडिओत चार ट्रॅक सर्रास वापरात असताना इथं दोन ट्रॅकचंही यंत्र नव्हतं. कंपनीच्या भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून रेल्वेनं आणवलं. बीटल्सच्या 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीतही याच दिवसांतलं. त्यावर गायन नंतर लंडनला झालं. खोली कचेऱ्यांच्या वर होती आणि बाहेरचा आवाज अडवण्याची सोय नव्हती. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांमुळे काम थांबवावं लागे, आणि नीट ऐकलं तर रेकॉर्डीवर टॅक्सी जाताना ऐकू येतात, असं हॅरिसननंच पुढे सांगितलं आहे. चार वर्षांनी, १९७२मध्ये, लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' वाजवून घेतली. 'फोर स्टिक्स' म्हणजे दादानं आणलेल्या त्याच अल्बमवरचं. ती मुंबईची ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा आमच्या शहरातल्या तबल्याची थाप त्या गाण्यात कशी बसते हे ऐकत रात्रभर जागी होते.

गेल्या पावसाळ्यात मडगावच्या एका पेटीत 'वंडरवॉल'ची इंग्लंडमध्ये छापलेली प्रत निघाली. बुरशी भरपूर, खाच मात्र अभंग. धुऊन, दोन दिवस वाळवून मी ती लावली. माझा मदतनीस हुशार मुलगा आहे, कान चांगला आहे. एका तुकड्याखाली त्याला अगदी खालची, सलग घरघर ऐकू आली. "मावशी, टर्नटेबलची असणार. चाळीस हर्ट्झखालचं सगळं कापू का?" मी म्हटलं, कापण्याआधी तपास. तपासायची रीत सोपी आहे. घरघर यंत्राची किंवा छपाईची असेल तर ती गाणं सुरू होण्याआधीच्या कोऱ्या खाचेतही असते आणि दोन गाण्यांमधल्या मोकळ्या पट्टीतही. त्यानं तिन्ही जागा एकाखाली एक लावल्या. कोऱ्या खाचेत काही नव्हतं. मोकळ्या पट्टीतही नव्हतं. तुकडा सुरू होताच घरघर येत होती, हळूहळू वाढून ओसरत होती, आणि तुकड्याबरोबर थांबत होती. त्यानं फिल्टर काढला आणि गिऱ्हाइकाला द्यायच्या नोंदवहीत बाजूचा क्रमांक घालून लिहिलं: खालचा आवाज मूळ ध्वनिमुद्रणातला, बहुधा रस्त्यावरच्या वाहनाचा, ठेवला आहे. मग आम्ही दुसरी बाजू लावली.